किड्याने कोरलेला ‘र’

आजोबांच्या लिहिण्याच्या मेजावर, उजव्या कोपऱ्याजवळ, एक ‘र’ होता. मेज जुने होते, त्याला कधीकाळी कीड लागली होती, आणि वरचा पातळ पापुद्रा जिथे निघाला होता तिथे अळीने आतून पोखरलेल्या वाटा उघड्या पडल्या होत्या. त्यांतली एक वाट वरून खाली येताना गोलाई घेऊन आत वळली होती आणि मग तिरकी, शेपटीसारखी, कोपऱ्याकडे निघून गेली होती. मी तेव्हा नुकताच लिहायला शिकलो होतो, आणि नुकती अक्षरओळख झालेल्या मुलाला सगळीकडे अक्षरेच दिसतात. या ‘र’ला शिरोरेषा तेवढी नव्हती. ती मी पेन्सिलीने ओढून दिली.

आजोबांनी ते पाहिले, पण ते रागावले नाहीत. याला घुणाक्षर म्हणतात, एवढेच त्यांनी सांगितले. घुण म्हणजे लाकूड खाणारा किडा. तो पोट भरत पुढे सरकतो आणि मागे कधी कधी अक्षरासारखा आकार उरतो. न ठरवता, नकळत साधलेल्या गोष्टीला म्हणून घुणाक्षरन्याय म्हणायचे. योगायोगासाठी आपल्याकडे अधिक वापरात असलेला दाखला कावळ्याचा आहे: कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तो काकतालीय न्याय. पुढे बऱ्याच वर्षांनी माझ्या लक्षात आले की हे दोन न्याय एकाच गोष्टीची दोन नावे नाहीत. कावळ्याच्या गोष्टीत दोन घटना एका क्षणी येतात आणि आपण त्यांच्यात कार्यकारणभाव कल्पतो. किड्याच्या गोष्टीत घटना एकच असते. तिथे एक आकार असतो आणि त्या आकाराला अर्थ आहे असे वाटणारा कोणी वाचक असतो. हे विश्व जीवसृष्टीला इतके अनुकूल कसे, हा प्रश्न बहुतेकदा कावळ्याच्या भाषेत विचारला जातो. मला तो किड्याचा प्रश्न वाटतो.

प्रश्नाचा गाभा असा आहे. निसर्गाचे नियम आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहेत, पण त्या नियमांत काही आकडे असे आहेत की जे नियमांतून निघत नाहीत, मोजूनच घ्यावे लागतात: इलेक्ट्रॉनचे वस्तुमान, विद्युतचुंबकीय बलाची तीव्रता, अणुकेंद्राला बांधून ठेवणाऱ्या बलाचा जोर, आणि असेच आणखी काही. कागदावर हे आकडे बदलून पाहिले, की पुष्कळदा अगदी लहान बदलानेही तारे नीट जळत नाहीत, किंवा अणू टिकत नाहीत, किंवा जड मूलद्रव्ये तयारच होत नाहीत. मग जिथे जीव निर्माण होऊ शकेल अशा चिंचोळ्या पट्ट्यातच हे सगळे आकडे का पडले?

यातले सर्वांत गाजलेले उदाहरण कार्बनचे आहे, आणि त्यापाशी थोडे थांबणे योग्य होईल. विश्वाच्या सुरुवातीला जवळजवळ सगळे द्रव्य हायड्रोजन आणि हीलियम होते. कार्बन पुढे ताऱ्यांच्या पोटात शिजला, पण कसा शिजला हे सांगणे सोपे नव्हते. हीलियमची दोन अणुकेंद्रे एकत्र आली की बेरिलियम-८ तयार होते, आणि ते इतके अल्पायुषी असते की सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले तर त्यांतल्या एका भागाच्या साधारण दहाव्या हिश्शात ते पुन्हा फुटते. तेवढ्या अवधीत तिसरे हीलियम येऊन त्याला चिकटले तरच कार्बन बनतो. गणित केले तर अशा मार्गाने निघणारा कार्बन नगण्य ठरत होता. प्रत्यक्षात तर तो भरपूर आहे.

१९५३ मध्ये फ्रेड हॉईल यांनी हे कोडे उलट्या बाजूने सोडवले. मराठी वाचकाला हॉईल हे जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू म्हणून ओळखीचे आहेत. कार्बन जर आहे, तर त्याच्या अणुकेंद्रात नेमक्या एका ऊर्जेवर एक उत्तेजित पातळी, म्हणजे नेहमीहून अधिक ऊर्जेची अवस्था, असलीच पाहिजे, जिच्यामुळे बेरिलियम आणि हीलियम यांचे जुळणे सुकर व्हावे, असे त्यांनी मांडले आणि ते आकड्यासह मांडले. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये विल्यम फाउलर यांच्या प्रयोगशाळेत हा पाहुणा येऊन ‘अशी पातळी शोधा’ म्हणू लागला, तेव्हा तिथल्या मंडळींना तो आग्रह काहीसा विक्षिप्त वाटला. तरी वॉर्ड व्हेलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केला आणि पातळी सापडली. आज तिचे मूल्य ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजण्याचे एकक) धरतात. बेरिलियम आणि हीलियम यांची एकत्रित ऊर्जा जिथे पोहोचते त्याच्या जराशी वर ती आहे, म्हणजे ताऱ्यातल्या उष्णतेने जिथपर्यंत चढता येईल अशा पायरीवर.

गोष्टीचा दुसरा भाग मला पहिल्याहून अधिक नवलाचा वाटतो. कार्बनला चौथे हीलियम चिकटले की ऑक्सिजन होतो, आणि तिथेही अशीच सोयीची पायरी असती तर बनलेला बहुतेक सगळा कार्बन ऑक्सिजनमध्ये खर्ची पडला असता. ऑक्सिजनच्या अणुकेंद्रात एक पातळी, त्याच मापात, ७.१२ वर आहे आणि कार्बन व हीलियम यांची एकत्रित ऊर्जा ७.१६ वर. पायरी किंचित खाली राहिली. त्यामुळे कार्बन उरतो आणि ऑक्सिजनही पुरेसा तयार होतो. श्वास घेणाऱ्या कुठल्याही जिवाला दोन्ही लागतात.

हॉईल धार्मिक वृत्तीचे नव्हते. विश्वाला आरंभ असतो ही कल्पनाच त्यांना रुचत नव्हती, आणि १९४९ मध्ये रेडिओवर बोलताना ‘बिग बँग’ हे नाव त्यांनीच, तो सिद्धांत मान्य नसताना, त्याला दिले. अशा माणसाने साधारण तीन दशकांनी लिहिले की, वस्तुस्थितीकडे साध्या बुद्धीने पाहिले तर कोणा महाबुद्धीने भौतिकशास्त्रात हात घातला असावा असे वाटते. हे वाक्य पुढे फार फिरले. त्याबरोबर दोन गोष्टी मात्र फिरल्या नाहीत. एक म्हणजे १९५३ मध्ये हॉईल यांच्यापुढचा प्रश्न ताऱ्यांत मूलद्रव्ये कशी घडतात हा होता. त्यात जीवसृष्टी कुठे नव्हती, तो अर्थ नंतर जोडला गेला. माझ्या भाषेत सांगायचे तर शिरोरेषा नंतर ओढली गेली. दुसरी गोष्ट अशी की ती पायरी वाटते तितकी केसाएवढी अरुंद नाही. १९८९ मध्ये मारिओ लिव्हिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणित करून दाखवले की ही पातळी ६० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टने वर सरकवली तरी ताऱ्यांतल्या कार्बनच्या उत्पादनात विशेष फरक पडत नाही. थोडी ढिलाई आहे. अर्थात ढिलाई आहे म्हणून कोडे सुटले असे होत नाही.

दुसरे एक उदाहरण आहे, आणि तिथे ढिलाईही फार नाही. न्यूट्रॉन हा प्रोटॉनहून जड आहे, पण केवळ ०.१४ टक्क्यांनी, ऊर्जेच्या भाषेत हा फरक १.२९ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरतो. तेवढ्या फरकामुळेच मोकळा न्यूट्रॉन सरासरी जवळजवळ पाव तास जगतो आणि मग प्रोटॉन, इलेक्ट्रॉन व प्रतिन्यूट्रिनो नावाचा अतिशय हलका कण यांत विघटित होतो. हा फरक इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाहून, म्हणजे ०.५१ हून, कमी असता तर हायड्रोजनच्या अणूतला प्रोटॉन आपलाच इलेक्ट्रॉन गिळून न्यूट्रॉन होऊन बसला असता. हायड्रोजन नाही म्हणजे पाणी नाही आणि दीर्घकाळ जळणारे तारेही नाहीत.

इथपर्यंत वाचून ज्याला आश्चर्य वाटत नाही त्याच्याशी माझे जमत नाही. पण आश्चर्य वाटले म्हणून लगेच उत्तर मिळाले, असे मानणाऱ्याशीही जमत नाही.

आजोबांच्या पश्चात ते मेज माझ्याकडे आले. ते हलवताना एकदा आडवे पाडले, तेव्हा त्याची खालची बाजू मी प्रथमच पाहिली. तिथे मेण-रोगण काही नव्हते आणि किडीने मनसोक्त काम केले होते. शेकडो वाटा होत्या: सरळ, वाकड्या, एकमेकींना छेदणाऱ्या, मध्येच संपलेल्या. बॅटरी धरून मी बराच वेळ त्या न्याहाळल्या. एक ओबडधोबड ‘ट’ म्हणता आला असता. बाकी काहीच वाचता येत नव्हते. त्या क्षणी वरचा ‘र’ एकदम साधा होऊन गेला. इतक्या वाटांत एखादी ‘र’सारखी निघणारच. तो ‘र’ आश्चर्याचा आहे की नाही, हे त्या ‘र’कडे टक लावून पाहून कधीच कळले नसते, त्यासाठी मेज उलटावे लागले.

विश्वाचे मेज आपल्याला उलटता येत नाही, आणि सगळा घोळ इथे आहे असे मला वाटते. ‘असे विश्व निर्माण होण्याची शक्यता अमुक इतक्यांत एक’ असे वाक्य आपण वाचतो, तेव्हा त्यातला छेद कुठून आला हे विचारायला हवे. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान काय काय असू शकले असते, आणि त्यांतले कोणते मूल्य किती वेळा पडले असते, हे सांगणारी एकही नोंद नाही. आपण कागदावर आकडा सरकवू शकतो. निसर्गाला तो सरकवता येत होता की नाही, हे वेगळे. फासा एकदाच पडलेला पाहिला आणि त्याला बाजू किती हेच माहीत नसेल, तर सहा पडणे दुर्मीळ होते असे म्हणायला आधार काय?

कधी कधी मात्र इतर ओरखडे दिसतात, आणि तेव्हा काय होते याचे एक सुरेख ऐतिहासिक उदाहरण आहे. योहानेस केप्लर यांना १५९६ मध्ये असा प्रश्न पडला होता की ग्रह सहाच का (तेव्हा तेवढेच माहीत होते) आणि सूर्यापासून नेमक्या याच अंतरांवर का. त्यांचे उत्तर विलक्षण देखणे होते: सुसम घनाकृती पाचच संभवतात, चतुष्फलक, घन, अष्टफलक, द्वादशफलक आणि विंशतिफलक, त्या एकीत एक बसवल्या तर सहा गोलांसाठी पाच अंतरे मिळतात, आणि ती ग्रहांच्या अंतरांशी ढोबळमानाने जुळतात. निर्मात्याने भूमितीचा आराखडा घेऊन सूर्यमाला रचली, याबद्दल केप्लर यांना शंका नव्हती. आज तो आराखडा चुकीचा आहे असेही आपण म्हणत नाही. तो प्रश्नच विचारण्याजोगा उरला नाही. १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांनी सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह शोधला, आणि २०२२ मध्ये ज्ञात बाह्यग्रहांची संख्या ५,००० च्या पुढे गेली. ताऱ्याला जवळजवळ चिकटून फिरणारे महाग्रह, गोठलेले, भाजलेले, सगळे प्रकार सापडले. पृथ्वी सूर्यापासून सोयीच्या अंतरावर का, याचे उत्तर आता कंटाळवाणे झाले आहे: अंतरे पुष्कळ आहेत, आणि प्रश्न विचारणारे गैरसोयीच्या अंतरावर जन्मत नाहीत.

हाच विचार विश्वाला लावण्याचे धाडस भौतिकशास्त्रज्ञ ब्रँडन कार्टर यांनी १९७३ मध्ये, कोपर्निकसच्या पाचशेव्या जयंतीनिमित्त पोलंडमधल्या क्राकोव्हला भरलेल्या परिषदेत केले. त्यांनी ज्याला अँथ्रॉपिक तत्त्व हे नाव दिले त्याचा मूळ आशय साधा आहे: निरीक्षक जिथे असू शकतो तिथलेच निरीक्षण त्याला करता येते, आणि निष्कर्ष काढताना ही अट विसरू नये. यातून केवळ शब्दांचा खेळ होतो असे मला पूर्वी वाटायचे. ते मत बदलले ते भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग यांच्या १९८७ मधल्या युक्तिवादामुळे. रिकाम्या अवकाशाच्या ऊर्जेचा, म्हणजे विश्वस्थिरांकाचा, सरळ अंदाज केला तर तो प्रत्यक्षाहून एकावर सुमारे १२० शून्ये इतक्या पटींनी मोठा येतो. बहुतेकांची समजूत होती की कुठल्या तरी अज्ञात कारणाने तो नेमका शून्य असणार. वाइनबर्ग म्हणाले की तो मोठा असता तर दीर्घिका जमण्याआधीच द्रव्य पांगले असते, त्यामुळे आपल्याला तो लहानच दिसणार. पण शून्यच असावा असे कोणतेही कारण नाही. १९९८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दूरच्या अतिनवताऱ्यांच्या, म्हणजे स्फोट होऊन प्रखर झळकणाऱ्या ताऱ्यांच्या, निरीक्षणांतून दाखवले की विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत आहे. म्हणजे स्थिरांक लहान निघाला, आणि शून्य निघाला नाही.

हे यश खरे आहे, पण त्याची किंमतही मोठी आहे. या युक्तिवादाला बळ येते ते निरनिराळे स्थिरांक असलेली असंख्य विश्वे आहेत असे धरले तर. बाह्यग्रह दुर्बिणीने मोजता येतात. ही विश्वे मोजता येत नाहीत. मेजाची खालची बाजू असणारच आणि तिथे शेकडो वाटा असणारच, असे मेज न उलटता म्हणण्यासारखे ते आहे. ते खरेही असू शकेल. पण ज्याला निर्माता दिसत नाही म्हणून अमान्य आहे त्याने न दिसणारी विश्वे इतक्या सहजपणे मान्य करावीत, हे मला जरा अवघडच वाटते.

निर्मात्याच्या बाजूने बोलणाऱ्यांवर एक अन्याय्य आक्षेप नेहमी घेतला जातो, तोही बाजूला करायला हवा. विश्व जीवसृष्टीसाठी केले असेल तर एवढी प्रचंड, गोठलेली, निर्जीव पोकळी कशाला, असे विचारतात. पण कार्बन शिजायला ताऱ्यांच्या पिढ्या लागतात, त्यांना अब्जावधी वर्षे लागतात, आणि तेवढा काळ प्रसरण पावलेले विश्व तेवढे विस्तीर्ण असणारच. आपल्या विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. इतके मोठे घर रिकामे दिसते म्हणून ते उधळपट्टीचे ठरत नाही. माझी अडचण वेगळीच आहे. मेजावर खरोखर कोणी माणसाने ‘र’ कोरला असता तर ते मला ओळखता आले असते, कारण माणसे अक्षरे कशी काढतात, हात कुठून सुरू करतो, चाकू कसा घसरतो हे मला ठाऊक आहे. विश्वे घडवणाऱ्याचे वळण मी कुठे पाहिले आहे? त्याला जीवच हवे होते, की कृष्णविवरे हवी होती आणि जीव वाटेत उरलेला भुसा आहे, हे कसे ठरवणार? ‘योजना’ हा शब्द मेज, घड्याळ, घर अशा वस्तूंच्या जगात कमावलेला आहे. ‘योगायोग’ हाही त्याच जगातला. दोन्ही शब्दांना आजूबाजूला इतर वस्तू लागतात, आणि विश्वाच्या आजूबाजूला काही नाही.

शिवाय निसर्ग कोणाच्याही गरजेचे नसलेले मेळही घालतो. सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे ४०० पट आहे आणि सूर्य चंद्राहून साधारण ४०० पट दूर आहे; म्हणून दोघांची बिंबे आपल्याला जवळजवळ सारखी दिसतात आणि खग्रास ग्रहण लागते. या मेळावाचून कुठलाही जीव अडला नसता. चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो आहे. काही कोटी वर्षांनी, फार फार तर अब्जाच्या आत, ग्रहणे फक्त कंकणाकृती उरतील. हा निव्वळ काकतालीय योग आहे, आणि त्यात महाबुद्धी शोधायला फारसे कोणी जात नाही, कारण तो आपल्याविषयी काही सांगत नाही.

मेज आडवे पडले होते तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली होती, तिचा अर्थ लावायला मला वेळ लागला. बहुतेक वाटा लाकडाच्या रेषांच्या दिशेने गेल्या होत्या. जिथे गाठ होती तिथे रेषा वळल्या होत्या, आणि वाटाही वळल्या होत्या. वर येऊन ‘र’ पाहिला तर त्याच्या गोलाईच्या आत एक लहान गाठ होती. म्हणजे तो आकार कोणी योजला नव्हता हे खरे, पण तो कसाही पडला होता असेही नव्हते. लाकूडच त्या ठिकाणी तसे होते. भौतिकशास्त्रात असे घडलेले आहे. विश्वाची सुरुवातीची घनता अतिशय काटेकोर असल्यावाचून ते इतके दिवस इतके सपाट, म्हणजे मोठ्या अंतरांवरही शाळेतल्या साध्या भूमितीने चालणारे, राहिले नसते, हे एके काळी मोठे कोडे होते. १९८१ मध्ये ॲलन गुथ यांनी प्रसिद्ध केलेल्या इन्फ्लेशनच्या कल्पनेने, म्हणजे सुरुवातीच्या क्षणार्धात विश्व अफाट वेगाने फुगले या कल्पनेने, तो काटेकोरपणा आपोआप येतो असे दाखवले. घनतेचा आकडा कोणी जुळवला नव्हता आणि तो सोडतीतही निघाला नव्हता. रेषा तशा होत्या. इन्फ्लेशन सुरू होण्यासाठीही काही गोष्टी जुळून याव्या लागतात, अशी तक्रार आहे आणि ती वाजवी आहे. गाठ तिथे का होती, हे विचारता येतेच.

माझा कल कुठे आहे असे कोणी विचारले, तर तो गाठीकडे आहे. हॉईल यांची पायरी आणि न्यूट्रॉनचा तो ०.१४ टक्के फरक या दोन्ही आकड्यांमागे लाकडाच्या अजून न दिसलेल्या रेषा असतील, आणि आकडे सरकवता येतात ही आपली समजूतच कच्ची असेल, असे मला वाटते. याला पुरावा नाही. केप्लर यांनाही असेच काहीसे वाटले होते, आणि त्यांनी पाच घन पुढे केले.

परवा मी मेजावर कागद ठेवला आणि मऊ पेन्सिल आडवी धरून त्या जागेवर घासली, मुले नाण्याचा छाप घेतात तशी. पेन्सिलीतला ग्राफाइट म्हणजे कार्बन, कागद आणि लाकूडही बहुतांशी कार्बनच्या साखळ्यांचे. यांतला कार्बनचा एकूणएक अणू कधी तरी एखाद्या ताऱ्यात ७.६५ च्या त्या पायरीवर पाऊल ठेवून आलेला. हळूहळू काळ्या पट्ट्यात पांढरी गोलाई उमटली, मग तिरकी शेपटी, गोलाईच्या पोटात गाठीचा ठिपका. मी वरच्या बाजूला दोन-तीनदा पुन्हा घासून पाहिले. शिरोरेषेला खोली नव्हती, त्यामुळे ती कागदावर आली नाही.